रॉयल रंबल १९९२ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यावसायिक कुस्तीविषयी लिहायला लागल्यापासून सर्वाधिक प्रश्न एकाच रात्रीबद्दल आले आहेत. ती रात्र १९ जानेवारी १९९२ ची. काही प्रश्न नव्याने पाहणाऱ्यांचे आहेत, तर काही तीस वर्षांनंतरही एकेका प्रसंगावर अडून बसलेल्या जुन्या जाणत्यांचे आहेत. सोप्यापासून अवघडाकडे असा क्रम लावून ते येथे एकत्र केले आहेत.

१. रॉयल रंबल १९९२ हा नेमका कसला कार्यक्रम होता?

न्यूयॉर्क राज्यातील आल्बनी शहरात, निकरबॉकर अरिना या सभागृहात झालेला तो डब्ल्यूडब्ल्यूएफचा कार्यक्रम होता. २००२ मध्ये वर्ल्ड वाइड फंड या निसर्गसंवर्धन संस्थेबरोबरच्या न्यायालयीन वादानंतर या कंपनीने आपले नाव बदलून डब्ल्यूडब्ल्यूई केले. अमेरिकेत हा कार्यक्रम पे-पर-व्ह्यू पद्धतीने, म्हणजे त्या एका रात्रीसाठी वेगळे पैसे भरणाऱ्यांना घरबसल्या दाखवला गेला. सुरुवातीला चार लढती झाल्या आणि शेवटी तीस मल्लांची मुख्य झुंज झाली. ती तासाहून थोडी अधिक चालली आणि रिक फ्लेअरने जिंकली. इतर कोणत्याही वर्षीच्या रंबलपेक्षा या झुंजीची आठवण अधिक निघते, याचे कारण त्या वर्षी बक्षीस म्हणून थेट जगज्जेतेपदाचा पट्टाच ठेवला होता (प्रश्न ४ पाहा).

२. रंबलमध्ये प्रतिस्पर्ध्याला चितपट करावे लागत नाही का?

नाही. रिंगमध्ये आधी दोन मल्ल उतरतात आणि त्यानंतर साधारण दर दोन मिनिटांनी एकेक नवा मल्ल येत जातो. कोण कितव्या क्रमांकावर येणार, हे चिठ्ठ्या काढून ठरले असे सांगितले जाते. जो सर्वांत वरच्या दोरावरून बाहेर फेकला जाईल आणि ज्याचे पाय खालच्या जमिनीला लागतील, तो बाद होतो. खालच्या किंवा मधल्या दोरातून बाहेर गेलेला मल्ल बाद होत नाही, त्यामुळे दमलेले लोक खालच्या दोराखाली सरपटत जाऊन पडून राहतात. शेवटी रिंगमध्ये उरणारा एकटा विजयी होतो. ही कल्पना पॅट पॅटरसन या माजी मल्लाची. जानेवारी १९८८ मध्ये कॅनडातील हॅमिल्टन येथे वीस मल्लांना घेऊन तिचा पहिला प्रयोग झाला आणि पुढच्या वर्षापासून संख्या तीस झाली. वरच्या दोरावरून स्वतःच उडी मारणाऱ्याचे काय, हा वादाचा मुद्दा आहे आणि त्याचा विचार प्रश्न ९ मध्ये केला आहे.

३. निकाल आधीच ठरलेला असतो. मग ही नुरा कुस्तीच नव्हे का?

निकाल ठरलेला असतो हे खरे आहे, आणि ते लपवण्याचेही कारण उरलेले नाही. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे कंपनीनेच हा प्रकार स्पर्धा नसून मनोरंजन असल्याचे मान्य केले होते. क्रीडास्पर्धांना लागू होणाऱ्या सरकारी देखरेखीतून आणि करांतून सुटका व्हावी, हा त्यामागचा हेतू होता.

तरीही नुरा कुस्ती हा शब्द येथे लागू पडत नाही, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे गावच्या मैदानात दोन पैलवान आतून संगनमत करून लढतात, तेव्हा ती फसवणूक ठरते, कारण भोवती बसलेल्या माणसाने खऱ्या जोडीसाठी वाट तुडवलेली असते आणि इनामाची रक्कमही खऱ्या कुस्तीसाठीच लावलेली असते. रंबलचा करार वेगळा आहे. नाटकाच्या तिसऱ्या अंकात काय होणार हे नटांना ठाऊक असते म्हणून कोणी नाटकाला लबाडी म्हणत नाही. येथे ठरलेला असतो तो शेवट. लाकडी फळ्यांवर पाठ आपटणे, उघड्या छातीवर पंजाचे फटके खाणे आणि तासभर श्वास टिकवणे यांतले काहीही खोटे नसते. फ्लेअरच्या छातीवर त्या रात्री उमटलेले लाल वळ रंगवलेले नव्हते.

४. विजेतेपद रिकामे का झाले होते?

२७ नोव्हेंबर १९९१ रोजी डेट्रॉइटमध्ये अंडरटेकरने हल्क होगनला हरवून पट्टा घेतला, पण त्या लढतीत फ्लेअरने रिंगमध्ये खुर्ची सरकवून होगनचा घात केला होता. सहाच दिवसांनी, ३ डिसेंबरला, टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे पुन्हा लढत झाली. तेथे होगनने अंडरटेकरच्या अस्थिकलशातली राख त्याच्या डोळ्यांत उधळली आणि पट्टा परत मिळवला. दोन्ही निकाल डागाळलेले असल्याने जॅक टनी याने पद रिकामे झाल्याचे जाहीर केले आणि रंबलचा विजेता हाच नवा जगज्जेता ठरेल असे सांगितले. टनी हा कथेतला कंपनीचा अध्यक्ष होता. होगन आणि अंडरटेकर या दोघांना मात्र विसाव्या ते तिसाव्या क्रमांकांतल्या चिठ्ठ्यांची सवलत मिळाली. झुंज पाहताना हा तपशील लक्षात ठेवावा, कारण फ्लेअरच्या वाट्याला जे आले त्याचे वजन या सवलतीमुळेच वाढते.

५. फ्लेअर दुसऱ्या कंपनीचा असताना येथे कसा आला, आणि त्याच्या हातातला पट्टा टीव्हीवर धूसर का दिसतो?

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत दोन मोठी घराणी होती असे म्हणता येईल. उत्तरेकडे होगनची डब्ल्यूडब्ल्यूएफ होती, तर दक्षिणेकडे एनडब्ल्यूए आणि तिच्यातून पुढे आलेली डब्ल्यूसीडब्ल्यू होती. दक्षिणेचा राजा फ्लेअर होता. १९९१ च्या उन्हाळ्यात व्यवस्थापनाशी बिनसल्यामुळे त्याला विजेता असतानाच काढून टाकण्यात आले. तेथील प्रथेप्रमाणे विजेत्याने पट्ट्यासाठी २५ हजार डॉलर अनामत ठेवायची असत. ती रक्कम परत न मिळाल्याने त्याने सोन्याचा तो मोठा पट्टा स्वतःजवळच ठेवला आणि प्रतिस्पर्धी कंपनीच्या टीव्हीवर जाऊन ‘खरा जगज्जेता मीच’ असा पुकारा केला. प्रकरण वकिलांकडे गेल्यावर पट्ट्याचे चित्र पडद्यावर धूसर करून दाखवू लागले.

त्या काळच्या प्रेक्षकाला याचा केवढा धक्का बसला असेल, याची आज कल्पना करणे कठीण आहे. दोन्ही घराण्यांची सर्वोच्च पदे मिळवणारा मल्ल त्याआधी एकच झाला होता, तो म्हणजे १९६३ चा बडी रॉजर्स. ‘नेचर बॉय’ ही उपाधी फ्लेअरने त्याच्याकडूनच उचलली होती. रॉजर्स जून १९९२ मध्ये वारला. आपल्या उपाधीच्या वारसाने आपली बरोबरी केल्यानंतर तो जेमतेम पाच महिने जगला.

६. रिंगमध्ये उतरण्यासाठी फ्लेअरला तिसरा क्रमांक मिळणे इतके वाईट का मानले गेले?

कारण त्यानंतर सत्तावीस जण यायचे असतात. पहिल्या पाचांत आलेला कोणीही तोपर्यंत शेवटी उरलेला नव्हता आणि समालोचक हे पुन्हा पुन्हा सांगत होते. सर्वाधिक वेळ टिकण्याचा आधीचा विक्रम रिक मार्टेलचा होता. १९९१ मध्ये तो ५२ मिनिटांहून थोडा अधिक टिकला होता, पण जिंकला नव्हता. फ्लेअर जवळपास पूर्ण तास टिकला. त्या वेळी त्याचे वय ४२ वर्षे होते. टिकण्याचा विक्रम पुढच्याच वर्षी बॉब बॅकलंडने थोडक्यात मोडला, परंतु बॅकलंडला विजय मिळाला नाही.

७. फ्लेअर बहुतेक वेळ मारच खातो. मग हा पराक्रम कसा?

हा प्रश्न विचारणाऱ्याचे निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि उत्तरही त्यातच आहे.

रंबलची मूळ अडचण ही असते की रिंगमध्ये सात-आठ जण झाले की नुसती कोपऱ्यांतली ढकलाढकली उरते आणि डोळा कोठेच ठरत नाही. त्या वर्षी फ्लेअरने झुंजीला एक धागा दिला. ब्रिटिश बुलडॉगने टेड डिबियासीला काही क्षणांतच बाद केले आणि फ्लेअर आत आला. तेव्हापासून येणारे बहुतेक नवे मल्ल त्याच्याकडेच वळले. बुलडॉगने त्याला डोक्यावर उचलले, टेक्सास टोर्नेडोने गोल गोल ठोसे दिले, अंडरटेकरने गळा धरला आणि होगनने तर आल्याबरोबर सगळा हिशेब चुकता करायला घेतला. फ्लेअर गुडघ्यांवर बसून हात जोडून दयेची याचना करतो, मागे सरतो, संधी मिळाली की डोळ्यांत बोट घालतो आणि तोंडावर पडतो तेव्हा करवतीने कापलेल्या झाडासारखा आडवा होतो. त्याच्या मार खाण्यामुळे समोरचा मल्ल बलदंड दिसतो. या धंद्यातले लोक यालाच खरी कारागिरी मानतात, आणि दोन मिनिटांच्या अंतराने नव्या माणसाशी, नव्या लयीत ती तासभर करणे किती अवघड आहे, हे ज्याने एकदा तरी आखाड्यात दम काढला आहे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

एक प्रसंग अगदी जवळून पाहण्यासारखा आहे. झुंजीच्या साधारण मध्यावर बिग बॉस मॅन धावत येतो, फ्लेअर बाजूला होतो आणि तो भलामोठा माणूस स्वतःच्याच वेगाने दोरावरून बाहेर पडतो. रिंग एकाएकी रिकामी होते. घामाने पिवळे केस कपाळाला चिकटलेला फ्लेअर एकटाच मधोमध उरतो आणि जणू जिंकल्यासारखा कोसळतो. मग पंधराव्या क्रमांकाची वेळ होते आणि मार्गिकेवरून रॉडी पायपर पळत येताना दिसतो. त्या वेळचा फ्लेअरचा चेहरा पाहा. अजून निम्मे लोक यायचे आहेत, हे त्याला त्या क्षणी उमगते आणि आपल्यालाही.

८. समालोचनाचे इतके कौतुक का होते?

कारण त्या रात्रीची अर्धी गोष्ट बॉबी हीननने सांगितली आहे. गोरिला मॉन्सून हा सरळमार्गी समालोचक होता, तर त्याच्या शेजारी बसलेला हीनन हा कथेत फ्लेअरचा सल्लागार होता. त्यामुळे तो पक्षपाती असणार हे उघडच होते. पण त्याने पक्षपाताचे रूपांतर काळजीत केले. तिसऱ्या क्रमांकावर फ्लेअर दिसला तेव्हा त्याचा आवाज बसला आणि पुढचा तासभर तो विनवतो, चिडतो, हिशेब मांडतो, मॉन्सूनने थट्टा केली की कळवळतो. परीक्षेला बसलेल्या मुलाचा बाप शाळेच्या फाटकाबाहेर जसा येरझारा घालतो, तसा तो ऐकू येतो.

पायपर स्कॉटिश पद्धतीचा किल्ट नेसायचा आणि हीनन नेहमी त्याला बायकी घागरा म्हणून हिणवायचा. झुंजीत एका क्षणी पायपरमुळे फ्लेअर वाचतो, तेव्हा हीनन गहिवरून कबूल करतो की तो किल्टच आहे, यापुढे कधी घागरा म्हणणार नाही. आणि पुढच्याच क्षणी पायपर फ्लेअरवर तुटून पडताच तो दिलेला शब्द मागे घेतो. यातले काही लिहून दिलेले असेल असे वाटतच नाही. ज्यांना इंग्रजी समालोचन समजते त्यांना माझी सूचना अशी आहे की झुंज एकदा पाहून झाली की दुसऱ्यांदा नुसती ऐकावी.

९. रँडी सॅव्हेज स्वतःच वरच्या दोरावरून बाहेर उडी मारतो. तो बाद का झाला नाही?

वादग्रस्त प्रश्नांत हा पहिला आहे. जेक रॉबर्ट्सने आदल्या नोव्हेंबरमध्ये सॅव्हेजच्या दंडाला नागाचा दंश करवला होता, त्यामुळे एकविसाव्या क्रमांकावर आलेल्या सॅव्हेजला पट्ट्याची नव्हे, रॉबर्ट्सचीच ओढ होती. त्याने रॉबर्ट्सला बाहेर फेकले आणि संतापाच्या भरात पाठोपाठ स्वतःही वरच्या दोरावरून झेप घेतली. नियमाच्या साध्या वाचनाने तो बाद व्हायला हवा होता. पण त्याला पुन्हा आत आणण्यात आले आणि समालोचकांनी खुलासा केला की बाद होण्यासाठी दुसऱ्या कोणीतरी फेकावे लागते, स्वतः गेलेला धरत नाहीत.

हा खुलासा टिकत नाही. १९८९ च्या रंबलमध्ये रॉबर्ट्सने रिंगमध्ये साप सोडला, तेव्हा आंद्रे द जायंट भीतीने स्वतःच दोरावरून बाहेर गेला आणि तो बाद धरला गेला. पुढे १९९७ मध्ये मिल मास्करासने बाहेरच्या मल्लावर स्वतः झेप घेतली, तेव्हा तोही बाद ठरला. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही दाखले सॅव्हेजच्या विरोधात जातात. माझ्या मते सॅव्हेजचा आवेग ठरवलेल्या क्रमाच्या पुढे गेला आणि त्याची गरज अजून असल्याने नियमालाच वाकवण्यात आले.

१०. बाद झाल्यावरही होगन सिडचा हात ओढतो. हे नियमात बसते का?

हात ओढू नये असा नियम नाही, त्यामुळे निकाल वैध आहे. रीत म्हणून विचाराल तर ते वागणे शोभणारे नव्हते. शेवटच्या चौघांत सॅव्हेज, होगन, सिड जस्टिस आणि फ्लेअर होते. सॅव्हेज गेल्यावर उरलेल्या तिघांत पाठमोऱ्या होगनला सिडने बाहेर काढले. रंबलमध्ये प्रत्येक जण प्रत्येकाचा प्रतिस्पर्धी असतो, त्यामुळे यात विश्वासघात कसला? पण होगनने खालून सिडचा हात पकडला, सिड दोरावर वाकला आणि मागून आलेल्या फ्लेअरने त्याला वरून लोटून दिले. जगज्जेतेपदाचा निर्णय असा झाला.

खरी लक्षणीय गोष्ट आल्बनीच्या प्रेक्षकांची आहे. होगन बाहेर पडला तेव्हा सभागृहात हळहळ होण्याऐवजी जल्लोष झाला. आठ वर्षे ज्याला देव मानले, त्याच्यापासून लोक दूर सरकू लागल्याची ती खूण होती. १९९१ मध्ये स्टेरॉइडच्या प्रकरणाने कंपनीची आणि होगनची प्रतिमा मलिन केली होती, त्याची सावलीही या जल्लोषावर असावी असे मला वाटते.

११. मी पाहिलेल्या चित्रफितीत याच प्रसंगाचे समालोचन वेगळे आहे. कोणते खरे?

दोन्ही खरीच आहेत, पण मूळ एकच. होगनला सहानुभूती मिळावी आणि सिड खलनायक ठरावा अशी पुढची कथा असल्याने, नंतरच्या टीव्ही कार्यक्रमांत हा तुकडा दाखवताना सिडला दोष देणारे समालोचन नव्याने भरले गेले आणि प्रेक्षकांचा आवाजही बदलला. जल्लोष ऐकू येत असेल तर तुमच्याकडे मूळ प्रत आहे.

१२. पायपर त्या रात्री दोन पट्टे जिंकू शकला असता, हे खरे का?

होय. त्याच कार्यक्रमात त्याने माउंटी या मल्लाला हरवून इंटरकॉन्टिनेंटल हा कंपनीचा दुय्यम पट्टा घेतला. माउंटीकडे तो अवघे दोन दिवस होता. १७ जानेवारीला त्याने तापाने फणफणलेल्या ब्रेट हार्टकडून तो मिळवल्याची कथा होती. त्यामुळे पायपर रंबलमध्ये उतरला तेव्हा एका रात्रीत दोन्ही पदे मिळण्याची शक्यता खरोखर होती.

१३. बाकीच्या लढती पाहाव्यात का?

ओवेन हार्ट आणि जिम नाइडहार्ट यांची ओरिएंट एक्स्प्रेसविरुद्धची पहिली लढत जरूर पाहावी. बाकीच्या सोडल्या तरी चालेल.

१४. फ्लेअरकडे पट्टा किती दिवस राहिला?

५ एप्रिल १९९२ रोजी इंडियानापोलिसमध्ये झालेल्या आठव्या रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक कार्यक्रमात, सॅव्हेजने त्याला हरवले. सर्वांना हवी असलेली होगन-फ्लेअर लढत आधी जाहीर होऊनही त्या मंचावर झाली नाही. होगन सिडशी लढला. १ सप्टेंबरला फ्लेअरने पट्टा परत मिळवला आणि १२ ऑक्टोबरला कॅनडातील सास्काटून येथे तो ब्रेट हार्टकडे गेला. १९९३ च्या सुरुवातीला फ्लेअर दक्षिणेत परतला. त्याच वर्षापासून रंबलच्या विजेत्याला पट्ट्याऐवजी रेसलमेनियातील विजेतेपदाची लढत मिळू लागली.

१५. महाराष्ट्रात आपण हे तेव्हाच पाहिले होते का?

थेट नाही, कारण पे-पर-व्ह्यू आपल्याकडे नव्हतेच. १९९१ नंतर केबल घराघरांत आली आणि त्यानंतर हे मल्ल क्रीडावाहिन्यांवरून आणि भाड्याच्या कॅसेटींवरून तुकड्यातुकड्यांनी पोहोचले. पुष्कळांना त्यांची ओळख आधी ट्रम्प कार्डांवरून झाली. रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स असे रकाने असत आणि दुपारच्या सुट्टीत वर्गाच्या मागच्या बाकावर ‘वजन किती?’ असे विचारत पत्ते जिंकले जात. माझ्याकडच्या पत्त्यांचे कोपरे इतके मऊ झाले होते की पिसताना ते एकमेकांत अडकायचे. म्हणूनच अनेक वाचकांना फ्लेअरचे मोठेपण उशिरा कळते, असे माझे निरीक्षण आहे. त्या पत्त्यांवर मोठे आकडे जिंकत, आणि फ्लेअर रिंगमधल्या बहुतेकांपेक्षा लहान होता. मार कसा खावा, याचा रकाना कोणत्याच पत्त्यावर नव्हता.

१६. विजयानंतरच्या मुलाखतीत मुलाखतकार जीन ओकरलंड मध्येच कोणावर ओरडतो?

टनी पट्टा सुपूर्द करतो, हीनन आणि फ्लेअरचा साथीदार मिस्टर परफेक्ट आनंदाने वेडे झालेले असतात आणि फ्लेअर डोळ्यांत पाणी आणून हा आपल्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण असल्याचे सांगत असतो. तेवढ्यात ओकरलंड कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर मान वळवून कोणाला तरी ती सिगारेट आधी विझव, असे दटावतो. तो माणूस कोण, हे पडद्यावर दिसत नाही. फ्लेअर मात्र एका शब्दानेही अडखळत नाही आणि छातीवरचे लाल वळ दिसत असताना तसाच बोलत राहतो.